पैल ग्रहावरची माशी

या पानावर येणारे अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेकांवर मनातल्या मनात लाल पेन फिरवते. सवयच तशी... सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. कुणाला विहिरीपाशी बाई दिसली — चष्म्याचा नंबर तपासून घ्या. कुणाच्या अंगात आलं — आधी ताप मोजा. माझी उत्तरं ही अशी. त्यामुळे मीच कधी या पानासाठी लिहायला बसेन असं माझ्या ओळखीच्या कुणालाही वाटलं नसतं.

पण माझा दादा गेल्या वर्षी गेला. आई-अण्णा तर कधीच गेले. आता ही गोष्ट माहीत असलेली मी एकटी उरले आहे. म्हणून लिहिते. जसं घडलं तसं, मीठमसाला न लावता.

गोष्ट सुरतेतली. १९६९ संपून १९७० लागत होतं. नानपुऱ्यात एका गुजराती घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. खाली घरमालकीण कोकिळाबेन, वर आम्ही. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. राज्यं वेगळी झाली तेव्हा अनेक मराठी माणसं महाराष्ट्रात परतली, अण्णा मात्र म्हणाले, ‘निम्मे कालवे अर्धे टाकून कुठे जाऊ?’ आणि आम्ही इथेच राहिलो. मी तेवीस वर्षांची होते, सकाळच्या शाळेत शिकवत होते. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा अरुणदादा सैन्यात होता, वायरलेस सेटवर.

दादाची नेमणूक त्या सुमारास डोंगरातल्या कुठल्याशा उंच चौकीवर झाली होती. कुठल्याशा म्हणते, कारण आम्हाला ठाऊकच नव्हतं. पत्त्याच्या जागी नुसता आकडा. पत्रात मजकूर ठरलेला — ‘इथे थंडी आहे. मी बरा आहे. काळजी नसावी.’ आई दरवेळी विचारायची, ‘थंडी म्हणजे किती? कुठली? झाडं तरी आहेत का आजूबाजूला?’ सांगायची परवानगीच नव्हती त्याला.

अण्णांना याचा आईपेक्षा जास्त त्रास झाला. ते बोलायचे नाहीत, पण एकदा मला म्हणाले, ‘सुमन, मला जागा दिसल्याशिवाय माणूस दिसत नाही गं.’

मग त्यांनी काय केलं, तर स्वतःच एक जागा तयार केली.

आमच्या मराठी ग्रंथालयाची खालची दोन कपाटं अडुसष्टच्या पुरात भिजून गेली होती. नवी पुस्तकं येईपर्यंत सभासदांनीच काहीतरी लिहावं, असं ठरून एक हस्तलिखित मासिक निघायला लागलं. एकच प्रत. ती ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवायची, ज्याला हवी त्याने तिथेच बसून वाचायची. कुणी पाककृती द्यायचं, कुणी नाशिकच्या प्रवासाचं वर्णन. अण्णांनी आयुष्यात खात्याच्या टिपणांपलीकडे एक ओळ लिहिली नव्हती. त्यांनी एकदम एका ग्रहाची गोष्टच सुरू केली.

ग्रहाचं नाव पैल. सात सूर्यांच्या राज्याच्या अगदी कडेचा ग्रह, त्याच्या पलीकडचा नकाशाच नाही. शत्रू आलाच तर त्या बाजूने येणार, म्हणून राज्याने पैलवर चौघांची एक चौकी बसवलेली. तीनशे वर्षांत शत्रू आलेला नाही. तरी चौघं तिथे बसतात, आळीपाळीने काळ्या आकाशाकडे बघतात आणि वर्षातून दोनदा येणाऱ्या यानाची वाट पाहतात. पैलवर झाड नाही, पाणी नाही. राखेसारखी बारीक माती आहे आणि ती एखाद्या वेळी उतारावरून पाण्यासारखी वाहायला लागते. अण्णांनी ट्रेसिंग पेपरवर पैलचा नकाशाही काढला होता. चौकी, यान उतरायची जागा, खाली इंधनाच्या टाक्या, त्यांच्याकडे जाणारी उताराची वाट — सगळं प्रमाणात, खाली कोपऱ्यात उत्तर दिशेच्या बाणासह. ग्रहाला उत्तर दिशा कुठून आली, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘माणूस उभा राहिला की दिशा आल्याच.’

प्रत्येक भाग ग्रंथालयात जाण्याआधी घरी वाचला जायचा आणि आई त्यात दुरुस्त्या सांगायची.

‘चौघांत स्वयंपाक कोण करतं?’

‘स्वयंपाक नाही. गोळ्या खातात ते.’

‘गोळ्या? वर्षानुवर्षं?’ आईने हातातलं निवडायचं ताट खाली ठेवलं. ‘अहो, तुमचा तो हवालदार सखाराम काय आजारी आहे का?’

पुढच्या भागात चौकीवर शेगडी आली, सखाराम पिठलं करायला लागला आणि यानातून लिंबाच्या लोणच्याची बरणी उतरली. ग्रंथालयाच्या चिटणिसांनी शंका काढली की पैलवर बेसन कसं. अण्णा शांतपणे म्हणाले, ‘घरून पाठवलेलं.’

डिसेंबरात दादाची पत्रं थांबली. खिंडी बंद होतात, तसं होतं, हे त्याने आधी कळवलं होतं. पण कळवलेलं असणं वेगळं आणि रोज पोस्टमन दारावरून पुढे जाणं वेगळं. कोकिळाबेन जिन्यात भेटल्या की पत्राचं विचारायच्या, ‘कागळ आव्यो?’ आणि माझा चेहरा बघून स्वतःच म्हणायच्या, ‘आवशे, बेन. आवशे.’ एकदा पोंकाची, म्हणजे ज्वारीच्या कोवळ्या हुरड्याची, वाटी घेऊन वर आल्या. दादाला पोंक फार आवडायचा, म्हणून आईला तो घशाखाली उतरेना. तिने मूठभर घेऊन नुसताच हातात धरून ठेवला.

अण्णा त्या दिवसांत रोज लिहायचे. महिन्याला एक भाग पुरेसा होता, पण ऑफिसातून आले की रोज दोन-तीन पानं. मला वाटतं, तेवढा वेळ ते मुलाजवळ बसून येत होते.

जानेवारीत आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हा आतासारखं नव्हतं, टाके घालायचे आणि दोन्ही डोळे पट्टीने बांधून माणसाला कित्येक दिवस उताणं झोपवायचे. दवाखान्यातून घरी आणलं तरी पट्टी होतीच. दुपारी चार वाजता मी तिच्या उशाशी बसून अण्णांनी आदल्या दिवशी लिहिलेली पानं मोठ्याने वाचायची, असा नेम पडला. आई अंधारात पडून ऐकायची आणि मधूनमधून ‘हं’ म्हणायची.

पट्टी सुटायच्या आदल्या दिवशीची दुपार. त्या पानात पैलवरचं इंधन संपत आलं होतं आणि तिघं जण उताराच्या वाटेने खालच्या टाक्यांकडे निघाले होते. पानावर माझ्याच कपातला चहा सांडून दोन ओळी फुटल्या होत्या. मी वाचत गेले —

‘सखारामने हात वर केला. उतरू नका, तो म्हणाला. माशी जागी आहे.’

‘काय जागी आहे?’ आई म्हणाली.

मी पुन्हा वाचलं, ‘माशी जागी आहे.’ आणि मग माझं मलाच कळलं. अण्णांनी ‘माती’ लिहिलं होतं. माती जागी आहे, हे त्यांचं नेहमीचं वाक्य — कालव्याच्या कामावर दरड सुटायच्या बेतात असली की जुने मुकादम तसं म्हणायचे म्हणे.

आईला हसू फुटलं. ‘पैलवर माशी,’ ती म्हणाली, ‘झाड नाही, पाणी नाही... आणि माशी आहे बाई. लोणच्याच्या बरणीवर बसली असणार.’ मग ती इतकी हसली की मला घाबरून म्हणावं लागलं, ‘आई, टाके... टाके आहेत.’ मीही हसले. महिनाभरात आमच्या घरात कुणी हसलं नव्हतं. अण्णांना आम्ही हे सांगितलं नाही. अक्षरावरून कुणी काही बोललेलं त्यांना खपत नसे. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली, आई स्वतः बघायला लागली, आणि ती माशी मीसुद्धा विसरून गेले.

मार्च संपताना दादाचं पत्र आलं. ‘बरा आहे. मे महिन्यात रजा मिळेल.’ आईने ते पत्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, पुन्हा घडी घालून पुन्हा वाचलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात दादा आला. गाल करपलेले, ओठ फाटलेले, आणि मध्येच बोलणं थांबवून खिडकीबाहेर बघायची एक नवीन सवय. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते, तो फोडी पुसून परातीत टाकत होता. आई खाली कोकिळाबेनकडे, अण्णा ऑफिसात. घरात आम्ही दोघंच.

‘सुमे,’ तो म्हणाला, ‘एक विचारू? हसू नकोस.’

‘विचार ना.’

‘माशी जागी आहे, असं तू कधी म्हणाली होतीस का?’

मी अडकित्ता खाली ठेवला. मला आठवायलाही दोन क्षण लागले. मग म्हटलं, ‘तुला आईने सांगितलं?’

तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘म्हणजे म्हणाली होतीस.’

‘आधी तू सांग, तुला कुठून कळलं?’

दादाने हात पुसले आणि सांगायला लागला. त्याच्या चौकीवर चौघं होते. गढवालचे एक हवालदारसाहेब, एक पंजाबी जवान, एक मद्रासकडचा, आणि दादा. जानेवारीत रॉकेल संपत आलं होतं. डबे खाली एका खड्ड्यात पुरून ठेवलेले असायचे, तिथे उताराच्या वाटेने जावं लागायचं. त्या दुपारी तिघांनी जायचं ठरलं होतं, हवालदारसाहेब मागे राहणार होते. दोघे जवान बाहेर दोर बांधून उभे होते. दादा आत बूट चढवत होता.

‘सेट बंद होता,’ तो म्हणाला. ‘थंडीने बॅटऱ्या बसल्या होत्या, त्या काढून शेगडीजवळ ठेवल्या होत्या. सेटला काहीही जोडलेलं नव्हतं, हे नीट ऐक. मी हेडफोन कानाला लावले ते फक्त कान गार पडले होते म्हणून. आम्ही लावायचो तसे.’

‘मग?’

‘मग तू वाचत होतीस.’

मी परात बाजूला सरकवली.

‘तुझाच आवाज. वाक्य संपलं की तू नाकाने श्वास घेतेस ना, तोसुद्धा. उतरू नका, माशी जागी आहे. मग आईने काहीतरी विचारलं, तू पुन्हा तेच म्हणालीस, आणि आई हसली. ती हसली ते शेवटपर्यंत ऐकू आलं. मग काही नाही.’

‘आणि तू काय केलंस?’

‘काय करणार... बसलो. नुसतं उतरू नका ऐकलं असतं ना सुमे, तर मनाचा खेळ म्हणून उठलो असतो. आम्हा सगळ्यांनाच तिथे कधी ना कधी घरचे आवाज ऐकू येतात. पण माशी? तिथे कुठली आली माशी? मी ते वाक्य उलटसुलट करत बसलो. बाहेरून हाका येत होत्या — ओ मराठे, आता है के नहीं? मी म्हणत होतो, एक मिनट. हेडफोन काढवेनात. पुन्हा ऐकू येईल म्हणून... पाच मिनिटं गेली असतील. मग आवाज झाला.’

बर्फाचा सगळा कडा सुटून खाली गेला होता. ज्या वाटेने ते निघणार होते ती वाटच उरली नव्हती. दोघे जवान दारापाशी दोर हातात धरून उभे होते, त्यांच्यापासून वीस पावलांवर जमीन संपत होती.

‘हवालदारसाहेबांनी विचारलं, तू का थांबलास? मी सांगितलं, बुटाची नाडी तुटली.’

दादाने खिशातली छोटी डायरी काढून दाखवली. त्या तारखेला त्याने दोनच गोष्टी लिहिल्या होत्या — ‘वाट गेली’ आणि खाली ‘माशी?’ मी उठून कपाटातून आईचे दवाखान्याचे कागद काढले. पट्टी सोडल्याची तारीख बरोबर दुसऱ्या दिवसाची होती. माझे हात तिखटाने आणि कैरीने चुरचुरत होते हे मला चांगलं आठवतं, कारण दुसरं काही जाणवतच नव्हतं.

आम्ही त्याच संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन तो अंक उघडला. दादाने अण्णांची गोष्ट तोवर वाचलेली नव्हती, अण्णा काहीतरी लिहितात एवढंच मी त्याला पूर्वी कळवलं होतं. पान तिथे होतं, चहाच्या डागासकट. अक्षर फुटलेलं, पण ‘माती’च. आईने दादाला सांगितलं असेल म्हणावं, तर घरातली सगळी पत्रं मीच लिहायचे, आणि त्या दिवसांत वर टपाल जातच नव्हतं. आईला विचारलं, तर ती माशी तिच्याही डोक्यातून गेली होती.

रात्रीच्या जेवणाआधी दादाने अण्णांना आणि आईला सगळं सांगितलं. अण्णांनी मान खाली घालून ऐकलं. मग एवढंच म्हणाले, ‘आवाज स्पष्ट होता?’

‘स्वयंपाकघरातून हाक मारल्यासारखा.’

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, आणि पुन्हा न लावता हातातच ठेवला.

आई मात्र रागावली. ‘मला कुणी सांगितलं असतं तर? मी मेली नुसती हसत बसले. दोन शब्द बोलले असते ना त्याच्याशी.’

‘तू हसलीस तेच बरं झालं गं,’ दादा म्हणाला.

थोड्या वेळाने अण्णांनी विचारलं, ‘तुझ्या बरोबरचे तिघं कुठे आहेत आता?’

‘तिथेच. मी रजेवरून गेलो की दुसऱ्याची पाळी.’

‘त्यांना मराठी येतं?’

‘हवालदारसाहेबांना भाकरी एवढा शब्द येतो. मी शिकवलाय.’

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी मला कामाला लावलं. ते मराठीत लिहायचे, मी हिंदी करायचे, आणि चार वाजता आधी मराठी पान वाचायचं, मग हिंदी. माझं हिंदी शाळेतलं, पुस्तकी. सखाराम ‘कृपया प्रस्थान न करें’ असं म्हणायला लागला. दादा लोळून हसला, पण अण्णांनी त्याला गप्प केलं. ‘कळण्याशी काम,’ म्हणाले. मद्रासच्या जवानाचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. आई म्हणाली, ‘त्याच्यासाठी मी हसते,’ आणि खरंच वाचन संपलं की ती उगीच जरा हसून घ्यायची. सुरुवातीला लाजत, मग सवयीने. मी विज्ञानाची पदवीधर, रोज चार वाजता भिंतीकडे तोंड करून एका नसलेल्या ग्रहाची गोष्ट दोन भाषांत वाचत होते... आणि एकदाही मला ते वेडगळ वाटलं नाही.

ऑक्टोबरात दादाचं पत्र आलं — चौघेही सुखरूप खाली उतरले. त्याने एकेकाला आडून विचारून पाहिलं होतं. कुणालाही कधीही काहीही ऐकू आलं नव्हतं.

ग्रंथालयाचे चिटणीस म्हणाले, आता गोष्ट संपवायला हरकत नाही, नवीन विषय घ्या. अण्णांनी त्यांच्याकडे जरा आश्चर्यानेच बघितलं. ‘हे चौघं उतरले, पण चौकी रिकामी ठेवत नाहीत. दुसरे चौघं चढले असतील.’ आणि त्यांनी पैलवर चार नवी माणसं पाठवली. त्यांची नावं, गावं, कुणाला काय खायला आवडतं, सगळं नव्याने. त्र्याहत्तरमध्ये माझं लग्न होऊन मी उधन्याला राहायला गेले, तेव्हापासून जाड भिंगाचा चष्मा लावून आई वाचायची. शहात्तरमध्ये अण्णांचा हात कापायला लागला आणि लिहिणं थांबलं. शेवटच्या पानावर चौघं शेगडीभोवती बसलेले आहेत, एवढंच. खाली ‘समाप्त’ नाही. मी विचारलं, तर म्हणाले, ‘तसा हुकूम मला कुणी दिलेला नाही.’

कारणं मीही शोधली. उंचावर हवा विरळ असते, मेंदू भास तयार करतो. घरच्या आठवणीने आवाज ऐकू येतात. माती जागी असते, हे दादाने लहानपणी अण्णांच्या तोंडून ऐकलं असणार. हे सगळं मला मान्य आहे. पण ‘माती’ची ‘माशी’ मी केली, त्या दुपारी, नानपुऱ्यातल्या एका खोलीत, आणि ती फक्त आईने ऐकली होती. ध्वनीला माध्यम लागतं, हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले. इथे कुठलं माध्यम होतं ते मला सांगता येत नाही. आजही नाही.

दादाला तो आवाज पुन्हा कधी आला नाही. निवृत्त झाल्यावर एकदा मी त्याला विचारलं होतं, ‘नंतर कधी वाट पाहिलीस का रे?’

तो म्हणाला, ‘सेटवर होतो तोवर... रोज.’